लक्षात न राहणारे कपडे

दुकानात त्याला सगळे मीडियम म्हणत. त्याचं स्वतःचं माप लार्ज होतं. पण गिऱ्हाईक जिना चढून वर आलं की तो लांबूनच पुटपुटायचा, "मीडियम." बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. चुकलं तर म्हणायचा, "माणूस मीडियमच आहे, पोट नंतर आलंय."

आमचा वरचा मजला. खाली सूट, कोट, समारंभाचे कपडे. वर पुरुषांचे रोजचे. शर्ट, टी-शर्ट, पँटी, पट्टे, टोप्या, पाकिटं, रुमाल, साधी घड्याळं. मी बिलं करायचो. साहित्याची पदवी घेऊन झाली होती आणि बरी नोकरी मिळेपर्यंत कुठेतरी बसायचं होतं. तो मला कवी म्हणायचा. मी एकही कविता लिहिलेली नाही, असं त्याला सांगून पाहिलं.

"लिहिशील," तो म्हणाला. "या मजल्यावर दुपारी दुसरं करणार काय?"

मीडियमची एक सवय होती. तो गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नसे. कधीच.

"पुरुष कपडे घ्यायला येतो तेव्हा लाजलेला असतो," तो सांगायचा. "आरशातसुद्धा चोरून बघतो. आपण तोंडाकडे बघितलं की म्हणतो, हेच द्या बांधून. आणि पळतो. मग घरी बायको विचारते, हे काय उचलून आणलंत? म्हणून गळ्याच्या वर जायचं नाही. कॉलर, खांदे, बाही, कंबर, बूट. बोलायचं तेही खांद्याशी बोलायचं."

आणि तो खरोखर खांद्याशी बोलायचा. वर्षानुवर्षं येणाऱ्या लोकांना तो खांद्यावरून ओळखत असे. "काय साहेब, बॅग अजून उजव्याच खांद्याला का?" एकदा त्यानं एका माणसाला दोन पँटी विकल्या, उंची मापून दिली, पट्टा गळ्यात मारला. माणूस निघताना म्हणाला, "दाजी, ताई कशी आहे?" तो त्याचा सख्खा मेहुणा होता. वहिनी, म्हणजे मीडियमची बायको, ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. मीडियमला त्याची लाज वाटत नसे. "मेहुण्याची कंबर वाढली होती," तो म्हणायचा. "माझी काय चूक?"

रोजच्या कपड्यांबद्दल त्याची मतं पक्की होती. रोजचा कपडा असा असावा, की संध्याकाळी कुणी विचारलं, आज त्यानं काय घातलं होतं, तर कुणाला सांगता येऊ नये. माणूस आठवावा, कपडा आठवू नये. गिऱ्हाइकांना हे पटत नसे. त्यांना छातीवर वाघ हवा असायचा.

त्या दुपारी मजला रिकामा होता. मी बिलाच्या यंत्रात कागदाचं नवं रीळ घालत होतो आणि ते अडकत होतं. मीडियमचा आवाज आला, "मीडियम." मग एक हलका आवाज म्हणाला, "रोजचे कपडे हवेत. कुणाच्या लक्षात राहू नयेत असे."

मी मान वर केली ती मीडियमचा चेहरा बघायला. इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते कुणीतरी त्याला येऊन सांगितलं होतं.

मीडियमनं जीव ओतून कपडे निवडले. शर्ट फिकट राखाडी. "पांढऱ्यावर डाग दिसतो, काळ्यावर धूळ दिसते. राखाडीवर काही दिसत नाही." बटणं कापडाच्याच रंगाची. पँट मातकट. पट्टा तपकिरी, बक्कल मंद. "बक्कल चमकलं की माणूस पोटापासून लक्षात राहतो." टोपी बिनअक्षरांची. मग त्यानं घड्याळांचा ट्रे पुढे ओढला.

"घड्याळ नको," तो माणूस म्हणाला. जरा घाईनं.

नवे कपडे घालूनच तो बाहेर पडला. बिल देताना टोपीची कड त्यानं इतकी खाली ओढली होती की मला हनुवटी तेवढी दिसली. जुने कपडे कपडे बदलायच्या खोलीत राहिले होते. "टाकून द्या," तो म्हणाला आणि जिना उतरला.

थोड्या वेळानं खाली रस्त्यावर आरडाओरडा झाला. मागच्या गल्लीत घड्याळवाला त्याच्या दुकानात पडला होता. पोटात सुरा. आम्ही सगळे धावलो. माझ्या हातातलं घड्याळ त्यानं दोनदा दुरुस्त करून दिलं होतं. लोकांनी त्याला उचलून गाडीत घातलं, तेव्हा त्याच्या एका डोळ्यावर अजून ती भिंगाची नळी बांधलेली होती. तो जिवंत होता, पण शुद्धीवर नव्हता.

मीडियम खाली आला नव्हता. मला वाटलं, त्याला रक्त बघवत नसेल.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी घड्याळवाल्याच्या धाकट्या भावाला नेलं. दुकानाच्या वाटणीवरून दोघांचं वाजत होतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. "एक दिवस तुला बघून घेतो," असं धाकटा भर रस्त्यात ओरडलाही होता. सगळ्यांनी माना हलवल्या. आणखी काय पुरावा हवा?

त्यांची आई बंद दुकानाच्या पायरीवर येऊन बसू लागली. एक मुलगा इस्पितळात, एक कोठडीत. कुणाकडे जावं हे तिला ठरवता येत नसावं.

मीडियमचं तेव्हापासून बिनसलं. काटकुळ्या पोराच्या हातात त्यानं लार्ज दिला. एकाला बांधून दिलेले मोजे, दोन्ही डावेच आहेत म्हणत, परत काढले, आणि मोज्यात डावा-उजवा नसतो हे मी म्हटल्यावर तो हसलाही नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की तो कपड्यांच्या रांगेमागे जायचा. राखाडी शर्ट वर येताना दिसला की पार कोठाराच्या दारापर्यंत.

आणि राखाडी शर्ट दिवसभर येत होते. तोच आमचा सगळ्यात जास्त खपणारा शर्ट होता. बसथांब्यावर, दवाखान्यात, बँकेच्या रांगेत, जिकडेतिकडे तोच. यातले निम्मे मीडियमनं स्वतःच्या हातानं विकलेले होते.

रविवारी वहिनींनी मला घरी बोलावून घेतलं. मीडियम आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसला होता. खिडक्या बंद.

"भाऊजी, यांना झालंय काय?" वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "काल पोरीला म्हणाले, राखाडी शर्टवाल्याच्या जवळ उभी राहू नकोस. अहो, तिचा अर्धा वर्ग राखाडी आहे! ती हसली, तर तिच्या अंगावर धावून गेले. कधी आवाज चढवला नाही या माणसानं."

"दमलेत," मी म्हणालो.

"दमलेला माणूस झोपतो. हे दाराची कडी बघायला उठतात. परत परत."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मीडियमनं मला कोठारात नेलं. दार लावलं. उंची कमी करायला आलेल्या पँटींच्या मागे एक शर्ट टांगला होता. बारीक रेघांचा, पांढरा. धुतलेला, कडक इस्त्रीचा.

"हा त्याचा," तो म्हणाला.

"कुणाचा?"

"कुणाच्या लक्षात राहू नयेत असे."

मला समजायला वेळ लागला.

मीडियमनं सांगितलं ते असं. बदलायच्या खोलीत राहिलेले डाग काढणं हे त्याचं रोजचं काम. गिऱ्हाईक शर्ट घालून बघतं आणि केसांचा कलप, पेनाची शाई, तोंडाची पावडर कॉलरला ठेवून जातं. डाग काढून, इस्त्री करून तो शर्ट पुन्हा मांडायचा. डाग दिसला की त्याचा हात आपोआप बेसिनकडे जायचा. त्या दिवशीही गेला.

"पँट झिजलेली होती, ती कचऱ्यात टाकली. शर्ट चांगला होता, कवी. कापड चांगलं. दुमडलेली एक बाही उलगडली, तर तपकिरी डाग. मला वाटलं, गंज. गार पाण्याखाली धरला." त्यानं त्या शर्टाची बाही चिमटीत धरली. "गंज गार पाण्यानं निघत नाही. हा निघाला. पाणी लाल झालं."

"मग थांबायचं ना, दादा!"

"हात थांबला नाही. खाली लोक ओरडत होते, घड्याळवाल्याला मारला, घड्याळवाल्याला मारला. मला सगळं कळत होतं. आणि हात चोळत होता. डाग पूर्ण जाईपर्यंत थांबलाच नाही."

"आणि इस्त्री? इस्त्री कशाला केलीत?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. माझ्या खांद्याकडे. "धुतल्यावर चुरगळतो ना," तो म्हणाला.

आम्ही दोघंही हसलो. फार वाईट हसणं होतं ते.

"पोलिसांना सांगू या," मी म्हणालो.

"काय सांगू? त्याचे कपडे धुतले, इस्त्री केली, त्याला नवे घालून पाठवला. ओळखू येणार नाही असा पाठवला. ते विचारतील, चेहरा कसा होता. मला चेहरा माहीत नाही. इतका वेळ मी त्याच्यासमोर उभा होतो. त्याची कंबर सांगतो, बाही सांगतो, डावा खांदा जरासा वर आहे ते सांगतो. चेहरा सांगता येत नाही." मग अगदी हळू म्हणाला, "त्याला माझा माहीत आहे. तो काय करत होता तेवढा वेळ? माझ्याकडेच बघत होता."

कॅमेऱ्याचा प्रश्न नव्हता. वरच्या मजल्यावरचा कॅमेरा म्हणजे नुसता डबा होता. चोरांना धाक बसावा म्हणून मालकांनी लावलेला.

"धाकटा आत आहे, दादा."

"माहीत आहे. रोज त्याच्या आईसमोरून येतो मी. आज म्हातारीनं विचारलं, गरम कपडा मिळेल का, आत थंडी असेल." त्यानं कपाळ चोळलं. "धाकटा मीडियम नाहीच. डबल एक्सएल आहे. हा शर्ट त्याच्या दंडावरच फाटेल. दोन दिवस थांबू. घड्याळवाला शुद्धीवर येईल. तोच सांगेल. मग आपलं नावच येणार नाही."

"बरं," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं.

घड्याळवाला शुद्धीवर आला नाही. तो माणूस मात्र आला.

सकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं. मी खोकी फोडत होतो. जिन्यावरून एक जण वर आला. निळा टी-शर्ट, हातात गुंडाळलेला पट्टा. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं; टी-शर्ट निळा होता. तो सरळ मीडियमकडे गेला आणि पट्टा समोर ठेवला.

"सैल पडतो. आणखी एक भोक पाडून द्या."

मीडियम 'मीडियम' म्हणाला नाही. मी तेवढ्यावरून ओळखलं. हातातलं खोकं तसंच राहिलं.

मीडियमनं पट्टा उचलला. लाकडाच्या ठोकळ्यावर पसरला. भोक पाडायची खिळ्यासारखी सळी घेतली. ती पट्ट्यावर टेकेना. टोक इकडेतिकडे सरकत होतं.

"माझा जुना शर्ट राहिला होता इथे," तो माणूस म्हणाला.

"टाकून द्या म्हणालात."

"टाकलात?"

"धुतला."

"धुतलात?" त्याला खरंच नवल वाटलं असावं. "का?"

"डाग होता."

"गेला?"

"गेला."

"सगळा?"

"सगळा."

"कामाचे पक्के आहात. आता कुठे आहे?"

शर्ट त्याच्यापासून एका दाराच्या अंतरावर टांगलेला होता. "जुने कपडे वाटायला जातात," मीडियम म्हणाला. "गेला." हातोडी बसली. भोक पडलं. तिरकं पडलं.

"तुम्ही माझ्याकडे बघत नाही," तो माणूस म्हणाला.

"सवय आहे. मी कुणाकडेच बघत नाही."

"हो. मी चौकशी केली. खाली सगळे हेच म्हणाले. मेहुण्याची गोष्टसुद्धा सांगितली एकानं." तो हसला. "छान सवय आहे. मोडू नका."

त्यानं पट्टा तिथेच कमरेला बांधला, नव्या भोकात बक्कल अडकवलं. "आता बसला," म्हणाला. आणि जिन्याकडे वळला.

सगळं संपलं होतं. तो जात होता. मीडियम खाली मान घालून ठोकळ्यावरचा चामड्याचा छोटा गोल तुकडा बोटानं फिरवत होता. आणखी दोन पावलं, आणि त्या माणसानं परत कधीच आमच्या मजल्यावर यायचं कारण राहिलं नसतं.

"साहेब," मीडियम म्हणाला.

तो वळला.

मीडियमनं मान वर केली. गळ्याच्या वर. त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि बघत राहिला. मी त्याला असं बघताना आधी कधीच पाहिलं नव्हतं. पापणी लवली नाही. त्याच्या गालाची शीर उडत होती, ती मला खोक्यांपासून दिसत होती.

"काय?" तो माणूस म्हणाला. "पैसे?"

"भोकाचे पैसे घेत नाही," मीडियम म्हणाला.

त्या माणसाला कळलं. मी त्याला कळताना बघितलं. त्यानं एकदा मीडियमला, एकदा मला, एकदा छतावरच्या डब्याला बघितलं. खालून कुणीतरी मोठ्यानं बोलत वर यायला लागलं होतं. तो भिंतीच्या कडेनं, अजिबात घाई न करता, खाली उतरून गेला.

मीडियम जमिनीवर बसला. "बोलू नकोस," मला म्हणाला. "मध्ये बोलू नकोस. मला चेहऱ्यांची सवय नाही, विसरेन. डावी भुवई मध्येच तुटलेली. कान बाहेर आलेले. हनुवटीला खळी. वरचा ओठ पातळ."

मी कोठारातून तो रेघांचा शर्ट काढला. दुकानाच्याच पिशवीत घातला. मालकांना न सांगता आम्ही निघालो. वाण्याकडे पाठवलेलं पोर जसं सामान घोकत जातं, तसा मीडियम रस्ताभर घोकत होता. भुवई, कान, खळी, ओठ. भुवई, कान, खळी, ओठ. वाटेत राखाडी शर्ट आडवा आला की घोकणं थांबायचं, माझा दंड दाबला जायचा, शर्ट पुढे गेला की परत सुरू. घड्याळवाल्याच्या दुकानावरून जाताना पायरीवरची म्हातारी म्हणाली, "बाळा, घड्याळ घ्यायला आलास का रे? बंद आहे." मीडियम थांबला नाही. घोकण्याचा आवाज वाढला एवढंच.

चौकीतल्या साहेबांनी आधी ऐकून घेतलं. मग पिशवीतून शर्ट काढला आणि हसायला लागले.

"घडी घातलीत? कॉलरला पुठ्ठा घातलात? पिना पण लावल्यात?"

"घडीला लागतात," मीडियम म्हणाला.

साहेबांचं हसू मावळलं. "म्हणजे इतके दिवस तुम्ही हे घेऊन बसला होतात. आणि एक माणूस आत."

मीडियमनं मान हलवली.

त्यांनी बाहीची शिवण ब्लेडनं उसवली. वरचं कापड पांढरं होतं. आतल्या पट्टीवर तपकिरी ओघळ तसाच होता. मीडियम तिकडे बघून आश्चर्यानं म्हणाला, "आतपर्यंत पाणी गेलंच नाही." साहेबांनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की मी त्याला कोपरानं ढोसलं.

मग चेहरा. मीडियमनं घोकलेलं म्हणून दाखवलं. भुवईवर साहेब थांबले. परत सांगा, म्हणाले. मग उठून दुसऱ्या खोलीत गेले, तिथे फोनवर बोलले. चोरीची घड्याळं विकत फिरणारा एक जण त्यांच्या माहितीतला होता. भुवई लहानपणीच तुटलेली. घड्याळवाल्यानं त्याचा माल घ्यायला नकार दिला होता, हे घड्याळवाल्याच्याच एका गिऱ्हाइकानं आधीच सांगितलं होतं. तेव्हा कुणी लक्ष दिलं नव्हतं. भाऊच हाताशी होता.

आम्हाला बाकावर बसवलं. वहिनी आल्या. मी फोन केला होता, पण काय सांगावं हे न सुचल्यामुळे "या" एवढंच म्हणालो होतो. त्या मीडियमच्या शेजारी बसल्या. त्यानं सगळं सांगितलं. त्या त्याच्या शर्टाची बाही मुठीत धरून बसल्या.

दुपार कलली तेव्हा धाकट्याला बाहेर आणलं. म्हातारी कुणाच्या तरी हाताला धरून आली होती. धाकटा खरोखर डबल एक्सएल होता. आता खांदे आत ओढून उभा होता. मीडियमला बघून म्हणाला, "तुम्ही इथे कसे?"

"काम होतं."

म्हातारीनं मीडियमच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुमचंही कुणी आत आहे का रे?"

वहिनींनीच नाही म्हणून मान हलवली.

ते गेले आणि आतून हाक आली, "शर्ट धुणारा कोण? या." मीडियम उठला. वहिनींची मूठ सुटली नाही, तेव्हा त्यानं त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

तो बराच वेळ आत होता. दाराआडून साहेबांचाच आवाज येत होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या मागोमाग साहेब होते.

"घरी जा. बोलावलं की यायचं. गावाबाहेर जायचं नाही. शर्टाचं काय करायचं ते कोर्ट ठरवेल. पुरावा धुणं म्हणजे काय, हे वकिलाला विचारा."

"आणि तो?" वहिनींनी विचारलं.

"शोधतोय. खोलीवर नाही."

"निळा टी-शर्ट घातलेला होता," मी म्हणालो.

"सकाळी," साहेब म्हणाले. "आता कुठला असेल कोण जाणे. दार नीट लावून घ्या. मुलीला चार दिवस घरीच राहू दे."

आम्ही पायऱ्यांवर आलो. कार्यालयं सुटायची वेळ होती. रस्ता माणसांनी भरून वाहत होता. वहिनी दोन पायऱ्या उतरल्या आणि मागे वळल्या. मीडियम वरच उभा होता. येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता. एक चेहरा, मग दुसरा, मग त्याच्या मागचा. काही लोक चपापून बघायचे. एक जण म्हणालासुद्धा, "काय हो, काय आहे?"

"चला ना," वहिनी म्हणाल्या. "पोरगी एकटी आहे घरी."

"हो," तो म्हणाला. "थांब जरा. एवढे जाऊ देत."

एवढे गेले. त्यांच्या मागून आणखी येत होते.